अंतराळातल्या सुमनबाई

सुमनबाईंनी रुमालाला तिकीट फाडलं, त्या दिवशी मी त्या गाडीत होतो.

परभणीच्या स्टँडवर गाडी लागली की खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी, जे हाताला येईल ते आत फेकायचं आणि ती जागा आपली समजायची, हा आमच्याकडचा जुना कायदा आहे. त्या दिवशी कडक इस्त्रीतल्या एका गृहस्थांनी तीन जागांवर तीन रुमाल टाकले होते आणि स्वतः खाली उभे राहून पान चघळत होते. आत दोन म्हाताऱ्या दांडीला लोंबकळत होत्या. सुमनबाई मशीन घेऊन पहिल्या रुमालापाशी आल्या.

"कुठं जायचंय?" त्यांनी रुमालाला विचारलं.

रुमाल बोलला नाही.

"मुका हाय बिचारा," असं म्हणून त्यांनी थेट सोनपेठची तीन तिकिटं काढली, एकेका रुमालावर एकेक ठेवलं आणि खिडकीतून मान बाहेर काढली. "ओ पानवाले दादा! तुमच्या रुमालायचं तिकीट झालंय. आता तुमी कशानं येनार, ते सांगा!"

गृहस्थांच्या तोंडातलं पान इस्त्रीवर आलं. म्हाताऱ्या बसल्या. स्टँडभर हशा झाला, कारण तो आवाज स्टँडभर गेला होता. सुमनबाईंचा आवाज तसाच होता. तो घशातून निघत नसे, टाचेतून निघून वर येत असे. गाडी गंगाखेडच्या पुलावर असली की गावातले लोक पिशव्या उचलायला लागतात, अशी थट्टा ड्रायव्हर करायचे.

मी सोनपेठला एका कॉलेजात मराठी शिकवतो आणि परभणीत राहतो, त्यामुळे बारा वर्षं जाऊन-येऊन या बाईंच्या राज्यात होतो. खाकी साडी, अंबाड्यात खोचलेलं पेन, कंबर दांडीला टेकवलेली. कंडक्टरच्या जागेवर बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. तिथं कायम कुणाची तरी बाळंतीण लेक बसलेली असे. त्यांची ठरलेली वाक्यं होती. "मागं सरका, पुढं काय लगीन हाय?" "गाडी सरकारची हाय, कोपर तुमचं हाय. कोपर आत घ्या." नवरा आहे का, याची चौकशी गाडीतल्या प्रत्येकानं कधी ना कधी केली होती. उत्तर एकच मिळे, "हाय. घरी बसलाय. तुमच्यावानी हिंडत न्हाई."

सोनपेठला त्यांची आई होती. यमुनाबाई. तिला काही दिसत नसे. काचबिंदूनं सात-आठ वर्षांपूर्वी दोन्ही डोळे नेले. आई-वडील दोघंही ऊस तोडायला जात, आणि लहानपणी फडाच्या या टोकाहून त्या टोकाला निरोप पोचवायचं काम सुमीकडं होतं. हे काम ती इतकं चांगलं करी की आईला तिची काळजी वाटायला लागली. "बाईच्या जातीनं शेजारच्या खोपीत जाईल एवढंच बोलावं," असं आई म्हणायची. "ह्या आवाजाला नवरा मिळत नसतो." पुढं नवराही मिळाला आणि नोकरीही मिळाली, पण आईचं मत बदललं नाही. लेक रस्त्यानं ओरडत हिंडते, हे ती शेजारणींना दुखणं सांगावं तसं सांगे.

अशा या बाईंना आम्ही अंतराळात पाठवलं.

आम्ही म्हणजे दत्तारावांनी आणि मी. दत्ताराव लग्नाचं शूटिंग करतात. त्यांच्याकडं एक ड्रोन आहे, आणि ज्याच्याकडं ड्रोन असतो त्याला जमिनीवरचं काही पुरत नाही. आमच्या केबलवाल्याचं एक लोकल चॅनेल आहे. त्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छा, भजनं आणि क्लासच्या जाहिराती लागतात. त्यासाठी दत्तारावांनी ‘लोखंडी पाहुणे’ नावाचा सिनेमा काढला होता. दोनशे वर्षं पुढची परभणी. परग्रहावरून लोखंडी प्राणी येतात. दत्तारावांचे मेहुणे त्यांना हाणून परत पाठवतात. त्या भविष्यात परभणीतला मे महिना बंद झालेला दाखवला होता, आणि तिथंच लोकांनी सगळ्यात जास्त टाळ्या वाजवल्या. संवाद माझे होते. माझ्या हातून एवढ्या लोकांपर्यंत पोचलेलं तेवढंच वाङ्मय.

भाग दोन काढायचा ठरला, तेव्हा मेहुणे गावात ग्रामपंचायतीला उभे होते. पडद्यावर मार खाल्ला तर मतांवर परिणाम होईल म्हणून त्यांनी अंग काढून घेतलं. दत्ताराव दोन दिवस कपाळाला हात लावून बसले. तिसऱ्या दिवशी ते माझ्याबरोबर सोनपेठच्या गाडीत होते आणि पोखर्णीच्या थांब्यावर सुमनबाईंनी एका झिंगलेल्या पैलवानाला कॉलर धरून खाली उतरवलं. दोन पायऱ्या, एक झटका. वर त्याची राहिलेली चप्पल त्याच्या हातात नेऊन दिली.

"सर," दत्ताराव माझं मनगट दाबून म्हणाले, "हिरो घावला."

सोनपेठ स्टँडच्या कॅन्टीनमध्ये आम्ही विषय काढला. पहिल्या भागातल्या नायकाचा मेंदू त्याच्या बहिणीच्या डोक्यात बसवला जातो आणि मग ती लढते, अशी माझी कथा होती. सुमनबाईंनी ती चहा संपेपर्यंत ऐकली.

"म्हंजे डोकं गड्याचं आन् मारामारी बाईची?"

"तसं शास्त्रीय कारण द्यावं लागतं," मी म्हणालो.

"माझ्या डोक्यात काय नारळ हाय का? ते काढा. तिचं डोकं तिचंच ऱ्हाऊ द्या."

काढलं. मग कपातला गाळ बघत त्या म्हणाल्या, "माझी एकच अट हाय, सर. हात मोडा, पाय मोडा, त्वांडाला काळं फासा. आवाज मात्र माझाच ठेवा. मायला दिसत न्हाई. पर आईकू येतंय. आख्ख्या गल्लीला टीव्हीम्होरं बसवून आईकवनार हाय मी तिला. म्हननार, बघ, ह्याच आवाजासाठी मारत होतीस."

"नक्की," मी म्हणालो. अगदी छातीवर हात ठेवून म्हणालो. मला तसं म्हणायची सवय आहे.

शूटिंग मे महिन्यात झालं, काही पिंगळीच्या एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगमध्ये आणि काही गोदावरीच्या कोरड्या पात्रात. लोखंडी पाहुणे म्हणजे जुन्या कूलरचे सांगाडे; त्यातून मुंडकं वर आणि हात बाजूला काढलेले. दत्तारावांना नायिकेसाठी चकचकीत रबरी पोशाख हवा होता. सुमनबाईंनी तो दोन बोटांत धरला, उलटा केला आणि विचारलं, "हे शिवायचं ऱ्हायलंय का?" शेवटी अंतराळातली सेनानी खाकी साडीतच लढली, फक्त पदराला चांदीचा कागद लावला. तिकिटाचं जुनं मशीन हे तिचं किरणास्त्र. बटण दाबलं की पाहुणा पडायचा आणि मशीनमधून पावती बाहेर यायची. तो विनोद आम्ही केलेला नव्हता, मशीननंच केला.

खोटं मारणं त्यांना जमेना. भागवत न्हावी पहिला पाहुणा होता. त्याच्या कूलरला पहिल्याच दिवशी चार पोचे पडले. तिसऱ्या दिवशी दुपारी तो कूलरसकट वाळूत आडवा झाला. दत्ताराव ओरडले, "मस्त पडला! कॅमेरा चालू ठेवा!" सुमनबाईंनी किरणास्त्र फेकून दिलं आणि कूलरचे स्क्रू नखांनी काढले. भागवतला बाहेर ओढून त्याच्या डोक्यावर कळशी ओतली. मग त्या दत्तारावांकडं वळल्या.

"कूलरमदी मानूस घातलाव, पानी कोन घालनार? आदी ह्यायला बसायची सोय करा. परग्रहावर काय बसतच नसत्याल का?"

दुसऱ्या दिवसापासून कूलरांना मागून कापून जागा केली. भाग दोनमध्ये परग्रहवासी अधूनमधून सहज खाली टेकतात, त्याचं कारण हे.

इथपर्यंत मी हसत लिहू शकतो. पुढचं माझं आहे.

शेवटच्या लढाईत सुमनबाई पाहुण्यांच्या राजासमोर उभ्या राहतात. त्या प्रसंगासाठी मी चार रात्री खर्चून वाक्य लिहिलं होतं: "हे परग्रहनिवासी क्रूरकर्म्या, या पवित्र वसुंधरेवरील तुझ्या अस्तित्वाची अंतिम घटिका आता समीप येऊन ठेपली आहे!" सुमनबाईंनी ते एकदा वाचलं, दुसऱ्यांदा ओठ हलवून वाचलं.

"सर, हे संपंस्तवर त्यो मला मारून घरी जाऊन जेवंल."

सगळे हसले. भागवत तर कूलरमधून हसला. तो आवाज पत्र्यात घुमला. कॅमेरा सुरू झाला. सुमनबाई दोन पावलं पुढं गेल्या, राजाकडं वर बघितलं आणि टाचेतला तो आवाज काढला, "ए डब्या! उतर खाली!"

राजा म्हणजे केबलवाल्याचा भाऊ. तो टेकाडावर उभा होता. तो खरोखरच उतरला.

दत्ताराव नाचायला लागले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या, आणि टाळ्या वाजवताना माझ्या लक्षात आलं की आपल्याला राग आलाय. माझ्या चार रात्री एका ‘डब्यात’ गेल्या होत्या. पण राग कबूल करायला मी एवढा साधा माणूस नाही. आठवड्यानं मी दत्तारावांना गंभीरपणे म्हणालो की दोनशे वर्षांनंतरच्या जगात शिक्षण वाढलेलं असेल, तिथले लोक आपल्यासारखं बोलणार नाहीत, प्रमाण भाषाच बोलतील; नायिका असं बोलली तर बाहेरचे लोक आपल्याला हसतील. दत्तारावांना बाहेरच्या लोकांची भीती वाटते. मलाही वाटते. मी पेडगावचा. पुण्यात शिकायला गेलो तेव्हा पहिल्याच दिवशी "मी आत्ताच आलाव" म्हणालो आणि वर्ग हसला. त्यानंतर मी तसं कधी बोललो नाही. तीस वर्षं. मला वाटलं, दोनशे वर्षांत सगळी परभणी माझ्यासारखी झालेली असेल. यापेक्षा भयंकर भविष्य दत्तारावांनाही सुचलं नसतं.

बायकोची भाची पुण्याहून सुट्टीला आली होती. आमच्या झोपायच्या खोलीत खिडक्यांना गोधड्या लावून तिच्याकडून मी सुमनबाईंचा प्रत्येक संवाद माझ्या मूळ शब्दांत म्हणून घेतला. गोड, स्वच्छ, शुद्ध. दुसऱ्या दिवशी तीच म्हणाली, "काका, या बाईंचं तोंड केव्हाच मिटलंय आणि मी अजून बोलतेय." ही अडचण दत्तारावांनी ड्रोननं सोडवली. म्हणून भाग दोनमध्ये सुमनबाई बोलायला लागल्या की कॅमेरा आकाशात जातो आणि वाक्य संपल्यावर खाली येतो.

सुमनबाईंना मी सांगितलं नाही. रोज त्यांच्या गाडीतून जात होतो. "कवा दाखवनार, सर?" त्या विचारायच्या. "मायनं नवं लुगडं काढून ठिवलंय. म्हनलं, टीव्हीत मी दिसनार हाय, तू न्हाई. तर म्हनती, आईकायला बी नीट बसावं लागतंय." मी हसून तिकीट घ्यायचो.

एका रविवारी दुपारी चार वाजता सिनेमा लागला. दत्तारावांना आणि मला सोनपेठला यमुनाबाईंच्या घरी आग्रहानं बोलावलं होतं. खोलीत गल्ली भरली होती. परातभर मुरमुऱ्यांचा सुशीला केला होता, वर शेंगदाणे आणि हिरवी कोथिंबीर. म्हातारी नवं लुगडं नेसून टीव्हीला अगदी खेटून बसली होती. तोंड आमच्याकडं, कान पडद्याकडं.

"आवाज वाढवा रे," ती म्हणाली.

नायिका आली. गल्लीनं टाळ्या पिटल्या. "यमुनामावशे, सुमी आली बघ! खाकीच हाय!" मग नायिकेनं तोंड उघडलं आणि कॅमेरा आकाशात गेला.

मी सुमनबाईंकडं पाहिलं नाही. परातीकडं पाहिलं. खोलीत मुरमुरे चावल्याचा आवाज तेवढा येत होता.

"ही कोन बया हाय?" म्हातारीनं विचारलं.

"सुमीच की, मावशे!"

"दिसत आसंल सुमी. ही सुमी न्हाई. ही कुनाची तरी सून हाय." आणि ती पुन्हा नीट बसली. "आमची सुमी कवा येनार?"

एक तास दहा मिनिटांचा सिनेमा. त्यात म्हातारीनं पाच वेळा विचारलं, "आली का सुमी?" वसुंधरेवरील अंतिम घटिकाही येऊन गेली. शेवटी नावं वर सरकली. माझं नाव दोनदा होतं.

"सुमे," म्हातारी म्हणाली, "तुझं काम कापलं का गं?"

तेव्हा मी बोलायला हवं होतं. दोन वाक्यं पुरली असती. माझ्या तोंडात घास होता. तो गिळून झाल्यावरही मी चावत राहिलो.

"व्हय माय," सुमनबाई म्हणाल्या. "कापलं."

"म्हनत होते मी. लय वरडतीस."

मग त्या परात घेऊन माझ्यासमोर आल्या, वाकल्या, आणि अगदी हळू, शेजारच्या खोपीतही जाणार नाही इतक्या हळू म्हणाल्या, "घ्या सर. अजून घ्या."

दुसऱ्या दिवसापासून मी एका सहकाऱ्याच्या मोटारीतून सोनपेठला जायला लागलो. कारण विचारलं की कंबर दुखते म्हणायचो. वाटेत ती लाल गाडी समोरून आली की मी मोबाईल बघायचो. केबलवर भाग दोन अधूनमधून लागायचा. मी चॅनेल बदलायचो. त्याच काळात दत्तारावांकडून मी शूटिंगचा मूळ आवाज मागून आणला आणि पेन ड्राइव्हवर घेतला. ‘ए डब्या’पासून सगळं होतं त्यात. म्हातारीला ऐकवून यायचं ठरवलं. पेन ड्राइव्ह शर्टाच्या खिशात ठेवला आणि जवळजवळ वर्षभर शर्ट बदलताना तो या खिशातून त्या खिशात घालत राहिलो. एवढं नियमित मी दुसरं काहीच केलेलं नाही.

गेल्या महिन्यात सहकारी रजेवर होते. स्टँडवर सोनपेठची गाडी लागली, गर्दी होती, आणि मी, मराठीचा प्राध्यापक, खिडकीतून रुमाल टाकला.

वर चढलो तेव्हा सुमनबाई रुमालासमोर उभ्या होत्या. अंबाड्यात पेन. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग रुमालाकडं, आणि भाचीच्या आवाजात, हुबेहूब, म्हणाल्या, "आपणांस कोठे जावयाचे आहे?"

गाडी हसली. मीही हसलो. रुमाल त्यांनी स्वतःच्या खांद्यावर टाकला, मी तिकीट घेतलं आणि बसलो. पुढच्या जागेवर नवं लुगडं नेसून एक म्हातारी बसली होती.

"मागं सरका, पुढं काय लगीन हाय?" सुमनबाई ओरडल्या. म्हातारीची मान त्या आवाजाबरोबर मागं गेली, पुढं आली, उन्हाबरोबर सूर्यफुलाची फिरते तशी.

"कोन बसलंय मागं?" तिनं विचारलं.

"मी... कॉलेजला चाललोय, आजी."

"आईका, त्यो आवाज. माझी लेक हाय ती." ती सीटच्या दांडीला धरून माझ्याकडं वळली. "टीव्हीवाल्यायनं तिचं काम कापलं. मग मी म्हनले, तिथं न्हाई तर न्हाई, मला गाडीत ने. आता आठ दिवसाला एक खेप करते मी. बसल्या जागी सगळं कळतंय बघा. कोन दारू पिऊन आलंय, कोन फुकट बसलंय. सगळे डरत्यात हिला."

"आजी, तो सिनेमा..." मी सुरुवात केली.

"तुमी पुन्याचे का?"

"नाही. पेडगावचा." तिला ते पटलेलं दिसलं नाही. म्हणून मी तीस वर्षांत पहिल्यांदा म्हणालो, "न्हाई माय. मी हितलाच हाव. पेडगावचा."

म्हातारीच्या कपाळावर आठ्या आल्या. "नक्कल करायलाव का आमची?" ती म्हणाली आणि पुढं तोंड करून बसली.

कॉलेज स्टँडच्या अलीकडं, नाक्यावर आहे. उतरायच्या आधी दारापाशी मी सुमनबाईंच्या हातात पेन ड्राइव्ह ठेवला. "यात तुमचा मूळ आवाज आहे. ते सगळं मी केलं, सुमनबाई. दत्तारावांनी नाही."

"म्हायती हाय," त्या म्हणाल्या. "दत्तारावाला एवढी अक्कल कुठंय?" पेन ड्राइव्ह त्यांनी मुठीत घेतला. मला एकदम हलकं वाटलं. वर्षभराचं ओझं एवढ्या स्वस्तात उतरलं, असा विचार करत मी खाली उतरलो. दोन-तीन माणसं चढली, मग वर टण टण अशी घंटा झाली. गाडी हलली.

"ओ सर!"

नाक्यावरचे सगळे वळले. चहावाला, पंक्चरवाला, माझे दोन विद्यार्थी. सुमनबाई दारात उभ्या होत्या, एक हात दांडीला.

"तुमचा प्याशिंजर ऱ्हायला की!"

आणि त्यांनी माझा रुमाल फेकला. आत एक म्हातारी खळखळून हसली, गाडी वळणावर गेली, आणि वळणापलीकडूनही ऐकू आलं, "कोपर आत घ्या!"

रुमाल माझ्या पायाशी पडला होता. उचलला तर एका कोपऱ्याला गाठ होती, घट्ट, उसाच्या मोळीला मारतात तशी. आत पेन ड्राइव्हएवढं काहीतरी टणक लागलं. गाठ मी सोडली नाही. रुमाल तसाच खिशात घातला.